वारा, कापड आणि माती : हलक्या निवाऱ्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

दोन माणसांना पुरणारा आजचा हलका तंबू पिशवीसकट दीड-दोन किलो भरतो. ताशी ७२ किलोमीटरचा झोत त्याच्या कुशीवर आदळला, की त्याला साठ किलोंहून अधिक जोराने ढकलतो आणि त्याच वेळी चाळीसएक किलोंच्या जोराने वर उचलू पाहतो. तंबूचे स्वतःचे वजन या हिशोबात धरले काय आणि सोडले काय, सारखेच. हा सगळा जोर पेलतात त्या बोटाएवढ्या जाडीच्या आठ-दहा मेखा, त्यांना बांधलेले तणावे आणि त्यांच्याभोवतीची वीतभर माती. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे : वारा आणि वादळ हलक्या निवाऱ्याच्या मेखेपर्यंत किती भार आणतात, कोणत्या वाटेने आणतात आणि जमीन तो कुठपर्यंत धरून ठेवते.

विषय लहान वाटेल, पण त्याची गरज असणारी माणसे थोडी नाहीत. सह्याद्रीत मुक्कामी ट्रेक करणारे त्यात आहेतच. मेअखेरीस आणि जूनच्या आरंभी भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहायला जाणारी कुटुंबे आहेत. काजव्यांचे आणि वळवाचे दिवस एकच असतात. आषाढी वारीत दिंड्यांच्या राहुट्या संध्याकाळी नव्या तळावर ठोकल्या जातात आणि पहाटे उपटल्या जातात, तेही पावसाळी वाऱ्याच्या ऐन दिवसांत. धनगरांची पाले आहेत, ऊसतोड कामगारांच्या कोप्या आहेत, रस्त्याच्या कामावरचे ताडपत्रीचे आडोसे आहेत. भूकंपानंतर, पुरानंतर मदत म्हणून जगभर वाटली जाणारी चार बाय सहा मीटरची ताडपत्रीही याच शास्त्राखाली येते. ज्याच्या डोक्यावर छप्पर म्हणून कापडच आहे, त्या प्रत्येकाचा हा विषय आहे. म्हणून ट्रेकरपासून स्थापत्याच्या विद्यार्थ्यापर्यंत आणि मंडपवाल्यापासून मदतकार्यातल्या स्वयंसेवकापर्यंत सर्वांचे इथे मनापासून स्वागत आहे. गणित लागेल तेवढे शाळेतलेच लागेल.

वारा-अभियांत्रिकी ही शाखा वाढली ती पूल आणि इमारती यांच्यासाठी. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधला टे नदीच्या मुखावरचा रेल्वेपूल वादळात कोसळला आणि त्यावरून जाणारी गाडी पाण्यात गेली. पुलाचा आराखडा करताना वाऱ्याच्या भाराचा वेगळा हिशोब धरलाच नव्हता, हे नंतरच्या चौकशीत उघड झाले. पुढे स्कॉटलंडमध्येच फोर्थ पुलाच्या कामावर अभियंते बेंजामिन बेकर यांनी एक साधा प्रयोग केला. ३०० चौरस फुटांची एक मोठी फळी आणि दीड चौरस फुटाच्या लहान फळ्या त्यांनी वाऱ्यात उभ्या केल्या आणि त्यांच्यावरचा दाब मोजत राहिले. दर चौरस फुटामागे मोठ्या फळीवरचा दाब कमी भरला. वाऱ्याचा झोत सगळीकडे सारख्या जोराचा नसतो. मोठ्या पृष्ठभागाच्या एका भागावर तो कडाडून येतो, तेव्हा दुसऱ्या भागावर तो ओसरलेला असतो आणि एकूण भार सरासरीने खाली येतो.

आपल्या विषयाचे मूळ या प्रयोगात आहे. लहान तंबूला ही सरासरीची सवलत मिळत नाही. सेकंदाला २० मीटर वेगाचा तीन सेकंदांचा झोत म्हणजे ६० मीटर लांबीचा हवेचा लोंढा. तीन मीटरचा तंबू त्यात अखंड बुडतो आणि त्याच्या प्रत्येक मेखेला झोताचा माथा एकाच वेळी भेटतो. भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग हेच आकड्यांत सांगतो : १०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या पृष्ठभागासाठी वाऱ्याचा दाब २० टक्क्यांनी कमी धरायला तो परवानगी देतो, १० चौरस मीटरच्या आत मात्र काहीही सूट देत नाही. तंबू म्हणजे इमारतीची छोटी प्रतिकृती, असे मानून चालणाऱ्याचा हिशोब इथेच चुकतो.

या शाखेला शिस्त लावणाऱ्यांत कॅनडाचे ॲलन डेव्हनपोर्ट यांचे नाव आधी घ्यावे लागते. वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात १९६५ साली त्यांनी जमिनीलगतच्या वाऱ्याचा अभ्यास करणारा वातबोगदा उभा केला. वाऱ्याच्या भाराचा विचार त्यांनी एका साखळीसारखा मांडला : त्या प्रदेशाचे वारे, जवळचा भूभाग, वस्तूचा आकार, तिची हालचाल आणि शेवटी सुरक्षिततेची कसोटी. आजही जगभर ही साखळी त्यांच्या नावाने ओळखली जाते. उंच इमारतीसाठी ती पुरी पडते, कारण इमारतीचा पाया कोणीतरी बोअर घेऊन, माती तपासून, स्वतंत्रपणे आखलेला असतो. तंबूचा पाया अंधार पडता पडता दगडाने ठोकलेला असतो. म्हणून हलक्या निवाऱ्यासाठी त्या साखळीत जमीन ही आणखी एक कडी जोडली पाहिजे, आणि इतर साऱ्या कड्यांहून तिच्याकडे जास्त लक्ष दिले पाहिजे. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर ते हे आहे.

आता एकेक कडी घेऊ. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. आपल्या मानकाचे सूत्र सोपे आहे : सेकंदाला मीटरमध्ये वेग घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. दर चौरस मीटरला तितके न्यूटन. ताशी ३६ किलोमीटरला हा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६ किलो, ७२ ला सुमारे २४ आणि १०८ ला सुमारे ५५ किलो येतो. (या प्रस्तावनेत जोर किलोत सांगितला आहे; तेवढ्या वजनाची ओढ, असा त्याचा अर्थ घ्यावा.) वेग तिप्पट झाला की भार नऊपट होतो. संध्याकाळी हाताने ओढून पक्की वाटलेली मेख मध्यरात्री का सुटते, याचे निम्मे उत्तर या वर्गात आहे.

हवामान खात्याचा वारा मात्र तंबूचा वारा नव्हे. जमिनीवरील वाऱ्याचा वेग दहा मीटर उंचीवर मोजतात. मोकळ्या सपाट माळावर सव्वा मीटर उंचीला सरासरी वेग त्याच्या दोनतृतीयांशाच्याही किंचित खाली असतो, म्हणजे दाब निम्म्याहून कमी. उंची वाढली की हवाही विरळ होते : उन्हाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर, सुमारे १,४०० मीटरवर, त्याच वेगाचा वारा किनाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्के कमी दाब देतो, लडाखमध्ये ५,००० मीटरवर ही घट ४० टक्क्यांपर्यंत जाते.

सह्याद्रीचा भूगोल ही सवलत बहुतेक ठिकाणी परत काढून घेतो. वारा कड्यावर किंवा सोंडेवर चढताना दाटतो आणि वेग घेतो. मानकात टेकाडे आणि कडे यांच्यासाठी वेग १.३६ पटींपर्यंत वाढवून धरायला सांगितले आहे. वर्ग केला की दाब जवळपास १.८५ पट होतो. कोकणकड्यासारख्या उभ्या, आत वळलेल्या भिंतीवर पश्चिमेचा वारा थेट वर फेकला जातो. नाणेघाटाजवळ पावसाळ्यात पाण्याची धार उलटी वर उडते तीही याच कारणाने. अशा कड्याच्या अगदी काठामागे वाऱ्याचा प्रवाह जमिनीपासून सुटतो आणि तिथे थोडी शांत, उलट फिरणारी हवा साठते. नवखा माणूस ती शांतता पाहून तिथेच तंबू टाकतो. वाऱ्याची दिशा जरा बदलली, की तीच जागा माथ्यावरची सर्वांत वाईट जागा ठरते.

वादळाचे प्रकारही ओळखावे लागतात. चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळाच्या वेळी ती मिळाली होती. अशा वेळी तंबू न लावणे हाच एक शहाणा उपाय. ट्रेकरला गाठतो तो वळीव. ढगातून थंड हवेचा झोत खाली कोसळतो, जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो आणि काही मिनिटांत शांत वाऱ्याचे वादळ होते. हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी १९७५ साली न्यूयॉर्कला झालेल्या विमान अपघाताच्या अभ्यासातून हा झोत जगापुढे आणला. त्याची दिशा दिवसभराच्या वाऱ्याशी जुळेलच असे नाही. म्हणून तंबू वाऱ्याकडे पाठ करून लावला, एवढ्यावर विसंबता येत नाही. चारही बाजूंच्या मेखा सारख्याच मनापासून ठोकाव्या लागतात.

तंबू उडतो म्हणजे नेमके काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अंटार्क्टिकातले आहे. जून १९११ च्या अखेरीस, ध्रुवीय रात्रीच्या काळोखात, एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझिअरकडे निघाले. तिथे त्यांनी दगडांच्या भिंती रचून एक खोपटे बांधले, आडव्या टाकलेल्या घसरगाडीवर कॅनव्हासचे छत पसरले आणि त्याच्या कडा दगड-बर्फाखाली दाबल्या. शेजारीच तंबू होता. २२ जुलैला वादळ आले आणि तंबू गेला. दुसऱ्या दिवशी, विल्सन यांच्या वाढदिवशी, छतही गेले. फडफडून कॅनव्हासच्या चिंध्या झाल्या. तिघे झोपण्याच्या पिशव्यांत, अंगावर साचणाऱ्या बर्फाखाली पडून राहिले. वादळ ओसरल्यावर तंबू उताराच्या खाली, साधारण अर्ध्या मैलावर, जवळपास धड अवस्थेत सापडला आणि म्हणून ते जिवंत परतले. चेरी-गॅरार्ड यांनी १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ही हकिकत लिहिली आहे.

अभ्यासकाने या घटनेतल्या दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. पहिली : खोपटे टेकाडाच्या आडोशाला होते, आणि तरीही छत गेले. माथ्यावरून उसळून जाणाऱ्या वाऱ्याखाली आडोशाच्या बाजूला हवेचा दाब घटतो आणि कापड वर ओढले जाते. वारा तंबूला ढकलतो हे सर्वांना जाणवते. तो त्याला वर शोषतो, हे छत गेल्यावरच कळते. दुसरी : तंबू जवळपास धड सापडला. म्हणजे कापड, शिवण आणि दांडे टिकले होते आणि जमिनीशी असलेला बंध सुटला होता. निवाऱ्याची ताकद आणि निवाऱ्याच्या पकडीची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बाजारात विकत मिळते, दुसरी त्या त्या जागी रोज नव्याने मिळवावी लागते.

उचल वाढवणारे आणखी एक कारण आपल्या हातात असते. वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहिले की आत शिरलेली हवा छताला आतून वर रेटते, आणि बाहेरचा शोष तर चालूच असतो. दोन्ही एकाच दिशेने काम करतात. वादळात सर्वांत आधी ओढायची ती दाराची चेन.

कापडावर आलेला भार मेखेपर्यंत कसा पोहोचतो, हा या शास्त्राचा मधला आणि सर्वांत देखणा भाग आहे. कापड दाबाला वाकून तोंड देत नाही, ते फक्त ओढले जाऊ शकते. जर्मन वास्तुविशारद फ्राय ऑटो यांनी साबणाच्या पडद्यांवरून या ओढीचे आकार अभ्यासले, तंबू बनवणाऱ्या पेटर श्ट्रोमायर यांच्या साथीने ते उभारले आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या छतांपर्यंत नेले. त्यांच्या कामाचा गाभा ट्रेकरलाही उपयोगी आहे : सपाट ताणलेले कापड वाऱ्यात फडफडते, तर एका दिशेने वर आणि दुसऱ्या दिशेने खाली वळलेले कापड घट्ट राहते, कारण कोणत्याही बाजूने भार आला तरी त्याला विरोध करणारा एक धागा ताणलेला असतो. ताडपत्रीचे समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि दोन खाली बांधले की हा आकार आपोआप मिळतो.

दोरीच्या बाबतीत कोन सर्व ठरवतो. दोन झाडांमध्ये बांधलेल्या आडव्या दोरीच्या मध्यावर भार आला, तर दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असताना प्रत्येक बाजूची ओढ त्या भाराएवढी असते. कोन १० अंश झाला की ती जवळपास तिप्पट होते, ५ अंशांना पावणेसहापट. म्हणजे हौसेने तारेसारखी ताठ ओढलेली दोरी थोडा झोल दिलेल्या दोरीपेक्षा मेखेवर किंवा गाठीवर कितीतरी जास्त ओझे टाकते. तणाव्याचा हिशोब असाच : तो जमिनीशी ४५ अंशांत असेल तर आडव्या ओढीइतकीच उचलही मेखेवर येते, ३० अंशांवर आणला की उचल आडव्या ओढीच्या ५८ टक्के उरते. मेख आणखी दोन पावले लांब ठोकण्याची किंमत दोन हात दोरी. तिचा मोबदला फार मोठा आहे.

कापडाच्या जातीनेही फरक पडतो. सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन ओले झाले की सैलावते, म्हणून पावसात ते पुन्हा ताणावे लागते. पॉलिएस्टर तितके सैलावत नाही. डायनीमा धाग्यांचे पातळ पत्र्यासारखे कापड १९९२ च्या अमेरिका चषकातल्या शिडांवरून तंबूंपर्यंत आले. ते जवळपास ताणले जात नाही, आणि म्हणूनच वाऱ्याचा झटका न गिळता सरळ कोपऱ्याकडे पाठवते. डायनीमाची दोरी बारीक असूनही बळकट असते, पण ती गुळगुळीत. तिच्यावर नेहमीच्या गाठी सरकतात. गाठ कोणतीही असो, दोरीची ताकद तिथे घटते. सैल कापड आणखी वाईट : ते वाऱ्याबरोबर वेग घेते आणि शेवटी हिसका देते, आणि हा हिसका शांत ओढीपेक्षा मेखेला जास्त हलवतो. हललेल्या मेखेभोवती मातीत फट पडते आणि पुढचा हिसका त्या फटीत काम करतो.

आता माती. लहान खांबांना आडव्या ओढीविरुद्ध जमीन किती धरते, याची सूत्रे बेंग्ट ब्रोम्स यांनी १९६४ साली मांडली. मेख म्हणजे फार आखूड खांबच. तिच्या मापाला ही सूत्रे अंदाज म्हणूनच लावावीत, पण तो अंदाजही डोळे उघडणारा आहे. २० सेंटिमीटर लांबीची आणि दीड सेंटिमीटर रुंदीची मेख घ्या, पूर्ण आत ठोका आणि जमिनीच्या पातळीवर आडवी ओढा. कोरड्या वाळूत ती दोन किलोंच्याही आत हार मानते. घट्ट, चिकट मातीत तीच मेख ४० किलोंच्या आसपास धरते. तीच माती पावसाने लोण्यासारखी झाली की पकड आठ-दहा किलोंवर येते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर भार चौपट होतो. जमीन बदलली तर पकड पंचवीसपट बदलते. तरीही तंबू घेताना आपण वाऱ्याचा आकडा विचारतो आणि ठोकताना जमिनीकडे बघतही नाही.

हीच सूत्रे खोलीविषयी आणखी काही सांगतात. वाळूसारख्या मातीत आडवी पकड खोलीच्या वर्गाने वाढते. दगड लागला म्हणून २० सेंटिमीटरची मेख १५ वर थांबली, पाच सेंटिमीटर वर राहिली आणि दोरी तिच्या डोक्यालाच बांधली, तर पकड पूर्ण ठोकलेल्या मेखेच्या ४२ टक्क्यांवर येते. दोरी खाली सरकवून जमिनीला टेकवली तर ५६ टक्के मिळते. मेख किती अंशांत तिरपी असावी यावर मुक्कामाच्या ठिकाणी खूप चर्चा रंगते. डोके तंबूपासून बाहेर झुकलेले असावे हे योग्यच आहे, पण आधी मेख पूर्ण आत गेली पाहिजे आणि दोरी जमिनीलगत असली पाहिजे. तिरपेपणाची पाळी त्यानंतर येते.

आपल्याकडे मुख्य अडचण वेगळीच आहे. दख्खनच्या बेसॉल्टवर गडांच्या माथ्यांना मुरमाचा पातळ थर असतो, कोकणच्या सड्यांवर उघडा जांभा असतो. तिथे मेख जातच नाही. मग दगड वापरतात. त्याचाही हिशोब करून पाहावा. २० किलोचा दगड नुसता जमिनीवर ठेवून त्याला तणावा बांधला आणि घर्षणाचा गुणांक अर्धा धरला, तर नेहमीच्या कोनात तो सुमारे ९ किलोंच्या ओढीला सरकू लागतो, कारण ओढ त्याला पुढे खेचताना थोडी उचलतेही. म्हणजे दगडाच्या वजनाच्या निम्म्यानेही पकड मिळत नाही. जाणकार म्हणूनच काठीला किंवा लहान दगडाला दोरी बांधतात आणि तिच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला, मोठे दगड रचतात. मग पाठीमागून येणारी काठी त्या ढिगात अडकते आणि सगळा ढीग मिळून विरोध करतो. वाळूत हेच काम पुरलेली पिशवी करते. दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर बारीक मेखा ठोकण्यापेक्षा वाळूने भरलेली पिशवी हातभर खोल आडवी पुरावी, तिच्या मध्याला दोरी बांधावी आणि वरची वाळू पायाने दाबावी. दगड वापरताना एक पथ्य मात्र पाळावे : गडाच्या तटातला, टाक्याच्या काठचा, समाधीचा एकही दगड हलवू नये, जुन्या बांधकामाच्या सांध्यात मेख ठोकू नये आणि उचललेले सुटे दगड सकाळी जागेवर ठेवावेत.

वारा, कापड आणि माती या तिन्ही कड्या एकत्र ठेवल्या की या विषयाचा खरा पेच दिसतो. पूल किंवा इमारत वादळात असते तेव्हा भार वाढतो, ताकद तशीच राहते. हलक्या निवाऱ्यावर वादळ दोन्ही बाजूंनी येते. वारा भार वाढवतो आणि त्याच ढगातला पाऊस माती भिजवून पकड घटवतो, नायलॉन सैल करून फडफड सुरू करतो. त्यात एक मेख सुटली की तिचा वाटा शेजारच्या दोघींवर पडतो, त्या सुटतात आणि शिवण उसवावी तशी एक बाजू उघडी पडते. म्हणून कोरड्या संध्याकाळी ठोकलेली मेख ओल्या मध्यरात्रीच्या हिशोबाने ठोकायला हवी. पुस्तकातले प्रत्येक प्रकरण शेवटी या नियमाकडे येते.

त्यातून आणखी एक प्रश्न निघतो : सगळेच टिकणार नसेल, तर आधी काय सुटावे? याचे उत्तर वादळाने न ठरवता आपण ठरवावे. सर्वांत आधी तणाव्यावरची चिमटी थोडी सरकावी, कारण ती पुन्हा ओढता येते. त्यानंतर दोरी तुटावी, कारण दुसरी दोरी पिशवीत असते. मेख सुटणे त्याहून वाईट, कारण मोकळ्या दोरीच्या टोकाला ती चाबकासारखी फिरते. कापडाचा कोपरा फाटणे किंवा दांडा मोडणे हे सर्वांत शेवटी. मुक्कामाच्या जागी त्यावर इलाज नसतो. कोपऱ्यावरची जोडपट्टी, तिची शिवण, दोरीची जाडी आणि मेखेची लांबी या चारही गोष्टी या क्रमाने निवडल्या, तर निवारा थोडा दमतो पण कोसळत नाही.

मानके या बाबतीत अजून वाटेवरच आहेत असे म्हणावे लागते. पन्नास चौरस मीटरपेक्षा मोठ्या तंबूंसाठी युरोपात ईएन १३७८२ हे सुरक्षिततेचे मानक आहे; पाच मीटरपर्यंतच्या उंचीला ते साधारणपणे दर चौरस मीटरला ५०० न्यूटन दाब धरायला सांगते. छावणीच्या लहान तंबूंसाठी आयएसओ ५९१२ आहे. पण कोणतेही मानक तंबूबरोबर त्याची जमीन पाठवू शकत नाही. कारखान्यात तपासलेला तंबू अर्धाच तपासलेला असतो. उरलेला अर्धा तपास जिथे तो उभा राहणार तिथेच करावा लागतो, आणि तो वापरणाऱ्यानेच करायचा असतो.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे : आधी वारा आणि भूभाग, मग आकार आणि उचल, मग कापड, दोरी, गाठ, आणि शेवटचा, सर्वांत मोठा भाग मातीचा. गणिताची सवय नसलेल्या वाचकाने मातीच्या प्रकरणांपासून सुरुवात केली तरी चालेल. तिथून मागे येताना वाऱ्याचे आकडे अधिक अर्थपूर्ण वाटतील. स्थापत्याच्या विद्यार्थ्याने उलट करावे आणि पाठ्यपुस्तकातले सूत्र वीतभर मेखेपाशी कुठे कमी पडते ते शोधावे. राहुट्या ठोकणाऱ्या, मंडप घालणाऱ्या जुन्या हातांकडे जे ज्ञान आहे ते त्यांच्याकडून समजून घेऊन लिहून ठेवणे, हे तर दोघांचेही काम आहे.

वाचकाला एक विनंती. सामान तोलायचा लटकता काटा आज सहज मिळतो. तो घ्या, आपल्या मेखा घ्या आणि घराजवळच्या मोकळ्या जागेत त्या एकेक करून ठोका. काट्याला दोरी बांधून, मेख सुटली तर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभे राहून, हळूहळू ओढा आणि ती हलू लागते तो आकडा लिहा. मग जमिनीवर दोन बादल्या पाणी ओता, तासभर थांबा आणि पुन्हा ओढा. माती, खोली, कोरडे की ओले आणि आकडा, एवढ्या चार गोष्टींची नोंद प्रत्येक मुक्कामात ठेवा आणि आपल्या गटाला द्या. काळ्या मातीच्या, मुरमाच्या, जांभ्याच्या आणि वाळूच्या अशा हजारभर नोंदी जमल्या, तर महाराष्ट्रातल्या ट्रेकरला, वारकऱ्याला आणि कोपीत राहणाऱ्या कामगाराला आपल्या जमिनीविषयी भरवशाचे काही सांगता येईल. हे काम प्रयोगशाळेची वाट पाहत थांबण्यासारखे नाही. पुढचा वळीव येण्याआधी ते सुरू करा.